नाकामागची विंग

डॉक्टरांनी कागदावर डोकं काढलं, उभं कापलेलं,
नाकाच्या मागे, घशाच्या वर एक टिंब दिलं.
म्हणाले, ही जागा बाहेरून दिसत नाही,
म्हणून उशिरा कळतं.
मला हसू आलं.
चाळीस वर्षं माशेलात जात्रेच्या नाटकांना
मी विंगेत उभा राहून प्रॉम्प्टिंग करतो.
न दिसणारी जागा मला शिकवता?

मग आकडा सांगितला: पाच वर्षांनी
शंभरातले किती.
तो मी इथे लिहीत नाही. चांगला होता.
शेवंतीने रात्री वाड्यावरची माणसं मोजायला घेतली,
एकाहत्तरावर संपली.
उरलेली एकोणतीस कुठून आणायची
म्हणत दिवा मालवला.

गरम पाण्यात मऊ केलेली जाळी तोंडावर ओढली,
ऊन, ओली,
पातोळ्यांच्या हळदीच्या पानासारखी.
निवली तेव्हा माझं नाक तिचं झालं होतं.
खटके लागले टेबलाला.
राशोलची जेनोव्हेवा काचेपलीकडून म्हणाली,
“हालूं नाका हां, बाब.”
नाही हललो. तेहतीस दिवस.
बाणस्तारीचा पूल जाताना एकदा,
येताना एकदा.

बाविसाव्या दिवशी मीठ गेलं.
गोड आधीच गेलं होतं, पण त्याचं कुणी मनावर घेतलं नाही.
पेज नुसती ऊन,
हुमण नुसतं लाल.
थुंकी आटली ती आटलीच,
एक वाक्य बोलायचं तर आधी घोटभर पाणी.
जबडा दोन बोटं उघडतो.
डाव्या कानात रातकिडा राहायला आलाय,
भाडं देत नाही.
हे सगळं धरूनच
निकाल चांगला म्हणायचा असतो.

तीन महिन्यांनी बांबोळीला स्कॅन.
डॉक्टर पडद्याकडे बघत गप्प झाले.

नट गप्प होतो त्याच्या दोन तऱ्हा.
वाक्य विसरलेला असला
तर मान सुतभर विंगेकडे वळते,
अंगठा बोटांवर फिरायला लागतो.
तेव्हा शब्द द्यायचा, लगेच, श्वासावर.
पण त्याने विराम धरलेला असला
आणि आपण मध्ये शब्द टाकला
तर तो आत येऊन आई काढतो,
आणि त्याचं बरोबर असतं.
चाळीस वर्षांत मी तीनदा चुकलो.
तिघांची नावं अजून पाठ आहेत.

मी डॉक्टरांचा अंगठा बघत होतो.
माउसशेजारी पडलेला, स्थिर.
बाटलीतून घोट घेतला,
त्यांचं वाक्य माझ्या जिभेवर तयार ठेवलं,
पहिलं अक्षर ओठांपर्यंत आणलं
आणि थांबलो.

“इथे काही दिसत नाही,” ते म्हणाले.

घरी शेवंतीने सोलां वाळत घातली होती,
कावळे नेतात म्हणून वर माझी जाळी पालथी.
माझ्या गालांखाली, कपाळाखाली
भिरंडाच्या साली उन्हात काळ्या पडत होत्या.
नाकाच्या भोकातून एक ओढून काढली,
जिभेवर ठेवली.
काही नाही. चामडं.
तशीच धरून उभा राहिलो,
म्हटलं, विसरली असेल.
मग कानाच्या खाली, जबडा जिथे जुळतो तिथून,
कुणीतरी हळूच
एक अक्षर पुढे केलं.