माफी मुश्किल

वृंदा, लायसन मिळालं म्हणून पाठवलेले पेढे पोचले.
आता ऐक.
धडकल्यावर आधी हातपाय मोजून घ्यायचे.
हसू नकोस, मी खरंच मोजले होते,
डावा हात दोनदा.
मग चारी इंडिकेटर लावायचे,
आरशात बघायचं मागून काय येतंय,
आणि मगच दार उघडायचं.
डिकीत एक लाल त्रिकोण असतो.
माझा सापडला स्टेपनीखाली,
प्लास्टिकमध्ये, नवाकोरा, अकरा वर्षांचा.

नऊशे नव्याण्णव लाव. पाणी पी.
ऑगस्टात पत्र्याला टेकू नकोस, कातडी निघते.
सावली नसेल तर गाडीच्याच सावलीत उकिडवी बस,
साहेबीणपणा मग कर.
मुल्किया, लायसन, विम्याचा कागद हातात ठेव.
फोटो काढ, आधी नंबरप्लेटचे.
रडायचं तर पोलीस यायच्या आत.
आणि तोंडातून 'माझं चुकलं' काढू नकोस,
हे ऑफिसातले कुरियनसाहेब सांगतात,
रास अल खैमात जो तो हेच सांगतो.

कागद मिळाल्याशिवाय इथं गॅरेजवाला
बंपरला बोटसुद्धा लावत नाही.
माझ्या वेळी हिरवा म्हणजे दुसऱ्याची चूक,
लाल म्हणजे आपली.

माझ्या वेळी म्हणजे दिगदागाच्या रस्त्यावर, सकाळी सव्वासातला.
मागे एक पिकअप, तिच्यात लसूणघासाचे भारे
कुणाच्या तरी शेळ्यांसाठी.
मी ब्रेक मारला.
सगळं हिरवं येऊन पडलं रस्त्यावर,
माझ्या काचेवर, माझ्या केसांत.
क्षणभर जतच्या बाजारात असल्यासारखा वास.

पोलीस कोवळा होता, अत्तर लावलेला.
का थांबलात?
मी म्हटलं, मांजर आलं.
त्यानं लिहिलं.

मांजर नव्हतं, वृंदा.
मांडीवर फोन उजळला होता.
भावाचा मेसेज, दोनच शब्द: पाणी लागलं.
प्लॉटवर बोअर मारत होते, तिसरी.
आपल्या भाषेत सगळं लागतंच बघ,
पाणी लागतं, ठेच लागते,
गाडीला गाडी लागते,
लावत कुणीच नाही.

मागच्यानं अंतर ठेवायचं, हा नियम.
लाल कागद गुलझमीनला.
तो काही बोलला नाही. घास गोळा करत राहिला,
मूठ मूठ, एक काडी न सोडता,
आणि मध्येच उठून
त्याच्या थर्मासातलं पाणी माझ्यापुढे धरलं.
मी म्हटलं, भाईसाब...
पुढचं येईना. 'माफ करा' ओठांवर आलेलं,
पण ते आपण दारातल्या भिकाऱ्याला म्हणतो.
तोच म्हणाला, माफी मुश्किल, मॅडम, माफी मुश्किल.

सात वर्षं झाली होती मला इथं.
माफी म्हणजे 'नाही', अडचण काही नाही,
भाजीवाल्यापासून बँकेपर्यंत रोज ऐकते.
तरी त्या दिवशी
मी ते मराठीतच ऐकलं.

बंपर चार दिवसांत नवा झाला.
गॅरेजवाल्यानं फटीतून ओढून काढलेली एक काडी
टिश्यूत बांधून दिली, का कोण जाणे.
मी चाऱ्याच्या बाजारात गेले होते नंतर,
पाकिटात पाचशे दिरहम घालून.
पिकअप तीच होती, दिवा फुटलेला.
आत दुसराच पोरगा. गुलझमीन? छुट्टी, म्हणाला.
सुट्टीवर गेला की सुट्टी दिली,
विचारायला तोंड उघडलं
आणि मागून कुणी हॉर्न दिला.

रिपोर्ट माझ्या कपाटात आहे, अरबीत.
मला वाचता येत नाही,
पण त्यात मांजर कुठल्या ओळीत बसलंय ते ठाऊक आहे.

तर, त्रिकोण वर ठेव, हाताशी,
स्टेपनीखाली नको.
फोन पर्समध्ये, पर्स मागच्या सीटवर.
पेढे जरा जास्त गोड होते.