ब्रेकवर नसलेला पाय

सेट दाबला की धरतंय, म्हणाला बाळगोंडा,
आणि निपाणीच्या पुढं कुठंतरी
आपलं आपण सोडतंय.
चहा पिता पिता असंही म्हणाला,
मागच्या गाड्या अलीकडं लई हॉर्न मारत्यात, उगाच.
ते मी ऐकलं
आणि सोडून दिलं.

शिरोलीत, फौंड्रीच्या कुंपणाला लागून माझं शेड.
ट्रेलर पंधरा वर्षांचा, तिसऱ्या मालकाचा,
होसूरला कास्टिंग नेणारा.
घेताना बाळगोंडानं टायर बघितले नव्हते,
स्टिअरिंगवरचं ते एक बटण बघितलं होतं.
उजवा गुडघा कामातून गेलेला.
सव्वीस वर्षं एका पेडलवर एकच पाय.
डॉक्टर म्हणाले, त्याला विश्रांती द्या.
डॉक्टरांनी बंगळूर रस्ता बघितला नसावा.

फ्यूज काढून उजेडात धरला. चांगला.
बटणाखालची पट्टी घासून पुसली.
क्लचचा स्विच मीटरवर नीट बोलला.
स्पीड सेन्सरच्या तोंडाला लोखंडाची पूड,
मिसरूड फुटल्यासारखी.
पुसली, आणि वाटलं, सापडलं.
उचगावच्या पुलापर्यंत चक्कर मारून आलो.
सापडलं नव्हतं.

मग माणूस करतो तेच केलं.
आधीच्या मालकाला शिव्या घातल्या,
त्याच्या आधीच्याला घातल्या,
तारेपेक्षा टेप जास्त असलेल्या त्या वायरिंगला घातल्या.

दिवेलागणीला तौफिक गाडीमागं पाने पुसत बसला होता.
इंजिन चालू, केबिन थरथरत.
त्याच्या पांढऱ्या बनियनवर
लाल आलं. गेलं. आलं.
"काका, ब्रेक का दाबताय सारखं?"
मी तर खाली उभा. वर बाळगोंडा.
"पाय काढलासा काय?"
"कवाच काढलोय की."

टॉर्च घेऊन पेडलखाली डोकं घातलं.
तिथं एक रबरी गोळी असते,
करंगळीच्या नखाएवढी.
पेडल सुटं असलं की ती स्विचला दाबून धरते,
म्हणजे: ब्रेक नाही, चालू दे.
ती मॅटवर पडली होती, भुगा होऊन,
शिळ्या गुळासारखी, चिमूटभर.
तिच्या जागी नुसतं भोक,
आणि भोकात स्विचचं टोक
खड्ड्याखड्ड्याला आतबाहेर.
गाडीला वाटत होतं, हा घाबरलाय.
घाबरलेल्याला ती कशी पळवेल?

बाळगोंडानं पायातली चप्पल काढून पुढं केली,
"टाचंचं कातडं कापून घाला."
कातडं पाण्यानं फुगतं, म्हटलं, राहू दे.
शेजारच्या गोठ्यात पाटीभर रिकाम्या बाटल्या होत्या,
म्हशींच्या लसीच्या.
एकीचं रबरी बूच उपसलं,
ब्लेडनं तासलं, थुंकी लावून बसवलं.
मधोमध सुईचं भोक तसंच.
खट्.
बनियन पांढरा. पांढराच.

रात्री गोकुळ शिरगाव मागं टाकलं.
साठ. सेट.
लक्ष्मी टेकडीच्या चढाला इंजिनानं आपणहून दम भरला.
बाळगोंडाचा पाय मात्र
पेडलच्या वर दोन बोटं, अधांतरी.
"आन् सोडलंच न्हाई तर?"
"ब्रेकला नुसतं शिवा."
शिवला. सुटलं. पुन्हा सेट.
असं चारदा.
पाचव्यांदा, दूधगंगेच्या पुलावर,
तो पाय खाली आला,
नव्या पाव्हण्यांच्या घरी बसावं तसा
मॅटच्या कडेला टेकला.
मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.
अंधारात बघण्यासारखं काही नव्हतं.

पावती पाहिजे म्हणाला, हिशोबाला.
बूच फुकटचं. मजुरी तीनशे.
कामाचं स्वरूप, या रकान्यावर
पेन टेकवून बराच वेळ बसलो,
मग लिहिलं:
ब्रेकवर नसलेला पाय
काढून दिला.