मुदत संपते त्या रात्री

आज रात्री बाराला मुदत संपते.
जेवण झाल्यावर चष्मा लावून
पाकिटातला कागद तू दोनदा वाचलास
आणि म्हणालास, "वीस वर्षं, एर्ना. दरमहा चाळीस डॉलर.
हातात काय आलं? भोपळा."

खिडकीबाहेर डुलुथचं बंदर. पूल वर उचललेला,
आणि खनिजाचं एक लांबलचक जहाज
संपता संपत नाही असं आत येतंय.

याच टेबलाशी बसला होता डेल ओस्ट्बी.
सिग्ने सात आठवड्यांची, माझ्या खांद्यावर दूध काढत होती.
"सिगारेट?" त्याने विचारलं. तू माझ्याकडे पाहिलंस.
"खरं सांग," तो म्हणाला, "आज लपवलंस
तर उद्या भांडावं लागेल हिला."
तू खरं सांगितलंस. हप्ता नऊ डॉलरने चढला.

मग वजनकाटा घेऊन नर्स आली,
तीन नळ्या रक्त घेऊन गेली,
आणि तुला कधीही न पाहिलेल्या कुणीतरी
कुठल्याशा शहरात बसून
तुझ्या मरणाचा दर काढला.

मी विचारलं होतं, "आणि हा जगला तर?"
डेल हसला नाही.
"तर काही नाही. ही बँक नव्हे.
हजार जण थोडं थोडं टाकतात,
दोघे-तिघे परतत नाहीत,
सगळ्यांचं मिळून त्यांच्या घरी जातं.
तुम्ही बाकीच्यांत असावं, एवढंच."

वारसाच्या रकान्यात माझं नाव लिहिताना
तुझं अक्षर लग्नाच्या सहीपेक्षा सरळ आलं.

नोव्हेंबरात सरोवर खवळायचं तेव्हा
मी रेडिओ बंद करून झोपायचे.
शेजारणी म्हणायच्या, काय धीराची बाई.
धीर कसला? ड्रॉवर होता.

एक सांगायचं राहिलंय.
तुझं जहाज दीड दिवस उशिरा आलं, त्या रात्री
मी कागदावर भागाकार केला:
घराचं कर्ज वजा, उरलेलं भागिले महिने.
सिग्नेच्या अठराव्या वाढदिवसापर्यंत पुरत होतं.
हिशेब जुळला,
आणि मग मला रडू फुटलं.

रे कोव्हाचनेही घेतला होता, तुझ्यासोबतच.
जहाजं बंद असतात त्या हिवाळ्यात त्याचा हप्ता चुकला.
सवलतीचे एकतीस दिवस.
रे चौतिसाव्या दिवशी बर्फातून खाली गेला, ट्रकसकट.
पॅम अजून पेट्रोल पंपावर रात्रपाळी करते.
तिच्यासमोर हा तुझा भोपळा काढू नकोस.

पैसे पाण्यात गेले म्हणतोस.
गेले की.
तू पाण्यातून वर आलास, दर खेपेला,
ओले बूट दारात, भुकेला, चिडलेला.

ते लिहितात, पुढे चालू ठेवता येईल,
महिना चारशे बारा डॉलर.
आता तुझं वय त्यांनाही कळतं.
पण सिग्ने स्वतःचं भाडं भरते, घर आपलं झालंय.
कुणासाठी मरून दाखवायचं तू?

बारा वाजून गेले. तू खुर्चीतच घोरतोयस.
वीस वर्षांत पहिल्यांदा
या आवाजामागे कुणी उभं नाही,
म्हणून मी नीट कान देऊन ऐकते.

कागदाची मागची बाजू कोरी आहे.
उद्याची यादी लिहून टाकते:
दूध, बल्ब,
तुझ्या गुडघ्याचं मलम. मोठी ट्यूब.