आत घेतलेला होकार

हेल्मर लिडस्ट्रमच्या स्वयंपाकघरात दोन खुर्च्या,
आणि मधे एक उंट पाय दुमडून बसेल
एवढी मोकळी जागा.
पहिल्या दिवशी मी माझी खुर्ची जवळ ओढली.
तो उठला, खिडकीतलं तापमान बघायचं निमित्त केलं,
आणि परतला तो पलीकडच्या बाकावर.
राग नव्हता त्यात. रस्त्यावर आलेल्या रेनडिअरला
वाट करून द्यावी, तसा बाजूला झाला.

(इथे म्हाताऱ्यांनाही 'तू' म्हणतात.
मीही म्हणते. जीभ अजून अडखळते.)

केरेनमध्ये आम्ही भेटलो की गालाला गाल, तीनदा;
माझे चुलतभाऊ खांद्यावर खांदा आपटतात
आवाज येईपर्यंत.
इथल्या बसथांब्यावर माणसं अशी उभी,
जणू प्रत्येकानं बगलेत
एक न दिसणारी आडवी शिडी धरलीय.

त्याच्या गोळ्या मी उजव्या हातानं देते,
डावा हात उजव्या कोपराला लावून, नजर खाली.
मोठ्यांना असंच द्यायचं असतं.
हेल्मर आठ दिवस नुसता बघत राहिला.
नवव्या दिवशी टेबलावर एक ट्यूब,
सांधेदुखीचं मलम, अर्धं पिळलेलं.
"कोपर फार छळतं ना तुझं?
आणि खाली काय शोधतेस रोज? काही हरवलंय?"

मलम मी दोन्ही हातांनी घेतलं.
त्याचंही त्याला नवलच वाटलं असणार.

पण खरं सांगायचं ते वेगळंच.
जानेवारी होता, दुपारी दोनलाच अंधार.
मी विचारलं, कॉफी आणखी ओतू?
तो बोलला नाही. ओठांचा चंबू केला
आणि हवा आत ओढली, स्युप्,
थंड पाण्यात पाय पडावा तशी.

किटली माझ्या हातात कलंडली.
मी मागे वळून दार पाहिलं.
दारात आई नव्हती. तिथे त्याचा कोट होता.

आमच्या घरी होकार असाच असतो,
बाहेर न टाकता आत घेतलेला.
पीठ चाळताना, बाळाला पाठीशी बांधताना,
शेजारणीच्या लांबलचक दुःखात मधे मधे.
आणि त्या रात्री मी विचारलं, "मग जाऊ मी?"
तेव्हाही आईनं तोच श्वास घेतला,
दिवा विझवताना घेतात त्याच्या उलटा.
अजून तो तिच्याच छातीत असेल.

मी हेल्मरला आमचा करून दाखवला,
थोडा घशातून, कमी ओठांचा.
"कुणी शिकवलं?" त्यानं विचारलं.
"तू भेटायच्या आधीच येत होतं."
त्याला पटलं नाही. त्याच्या मते हा आवाज
उमेओच्या वरच्या जंगलात राहतो,
आणि फक्त तिथेच.

मार्चमध्ये माझ्या रजेत माल्मोची एक मुलगी
बदलीवर आली. वहीत लिहून गेली:
"बोलताना अचानक धाप लागते. डॉक्टरांना कळवावे."
स्वीडिशच ती, सात पिढ्यांची.
मी खाली लिहिलं: "धाप नाही. हो म्हणतो."
आणि सही केली, लेतेब्रहान, पूर्ण नाव.

काल त्यानं मला तळघराची किल्ली दिली.
अजूनही बाकावरूनच, हात ताणून,
मधला उंट न उठवता.
डावा हात मात्र उजव्या कोपराखाली होता.
"दुखतंय?" मी विचारलं.
त्यानं हवा आत ओढली.

खरंच दुखत असेल. वय ब्याऐंशी.
आणि मलम तर माझ्याच पिशवीत.