तीन टॅप खाली

सावद्याच्या पुढं, केळीच्या बागांमध्ये
आमचं उपकेंद्र. रात्रपाळीला मी आणि एक मांजर.
यार्डात ट्रान्सफॉर्मर घुमतो,
पोटभर जेवून ओसरीवर पडलेल्या माणसासारखा.

अत्तरदे मॅडम जळगावहून आल्या,
मीटरवर बोट ठेवलं : दोनशे चव्वेचाळीस.
"एवढं कोणाला हवंय हो, फालक?"
मी म्हटलं, मॅडम, आपल्याकडे वाढताना
हात आखडत नाहीत.
बट्टीवर तूप ओततच राहतात,
पाहुणा ताटावर हात धरेस्तोवर.
"बल्बला कुठं हात आहेत," त्या म्हणाल्या.

मग मी बटण दाबलं.
खट्ट.
थोडं थांबून, खट्ट.
आणखी एकदा.
दोनशे पस्तीस.

दारात येऊन उभा राहिलो,
गाव ओरडेल म्हणून.
फैजपूर रोडचे दिवे होते तसेच होते.
लांब कुठल्यातरी मांडवात माईक तपासत होते,
हॅलो, हॅलो, तेवढ्याच जोरात.
पंखे मंदावले असतील नखभर,
झोपलेल्याला ते कळत नाही.
सकाळी फक्त सुपडूआप्पांनी सायकल थांबवली,
"काऊन रे, रात्री समदं ठीक होतं ना?"
उगाच. त्यांना रोज काहीतरी विचारायला लागतं.

तिसऱ्या दिवशी फोन आला
सातपुड्याच्या पायथ्याहून, फीडरच्या शेवटच्या खांबापासून.
हमीदा तडवी. शाळेसमोर एक फ्रिज,
त्यात पेप्सीच्या कांड्या, रुपयाला एक.
"भाऊ, काटा दोनशे तीनवर बसून राह्यला.
कांड्या जमत नाही.
पोरं नुसतं गोड पाणी चोखून राह्यली."

गेलो. फ्रिज धापा टाकत होता.
आणि मागच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेले आकडे,
तारीखवार, वर्षभराचे,
माझ्या वहीपेक्षा नेटके.
दोनशे बारा. दोनशे नऊ.
एका रविवारी एकशे अठ्ठ्याण्णव.
म्हणजे मी बटण दाबण्याआधीपासून ती काठावर उभी.
आम्ही मोजत होतो आमच्या दारात,
जिथं वीज नुकतीच घरातून निघालेली, ताजी.
आठ गावांत थांबत, बावीस किलोमीटर चालून
ती इथं पोचायची
तेव्हा तिच्या चपला झिजलेल्या असायच्या.

त्या संध्याकाळी तीनदा खट्ट, उलट्या दिशेनं.
मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या,
आधी रस्ता सरळ करू, मग ओझं उतरवू.

दोन महिने गेले त्यात.
खांबावर कपॅसिटर चढले.
एकाच फेजवर बसलेली अर्धी आळी
उचलून दुसऱ्या फेजवर नेली.
ओढ्याजवळचा एक सांधा उघडला तर
आत काळा पडलेला, चघळलेल्या सुपारीसारखा.
किती वर्षं तो रात्रंदिवस
कुणाच्याही कामाची नसलेली ऊब
केळीच्या पानांना देत होता.

मग पुन्हा बटण. या वेळी दोनदाच.

महिनाअखेर शंभरातले दोन युनिट कमी भरले.
"दोन म्हणजे काय," बायकोनं विचारलं,
भरताची वांगी उलथत.
तुऱ्हाट्यांचा जाळ बसला होता,
वांगी खरी आता शिजत होती.
मी काही बोललो नाही.

सगळंच वाचत नाही, हेही वहीत लिहिलं.
गिझर पक्के निघाले :
दाब कमी मिळाला की जास्त वेळ जळून
पाणी तेवढंच तापवतात.
चार्जर तर ऐकतच नाहीत,
तिकडून कमी द्या, इकडून जास्त ओढतात,
शेंडेफळासारखे.

वहीत पहिला रकाना उपकेंद्राचा, छापील.
मी त्यावर आडवी रेघ मारून
पेनानं लिहिलंय : हमीदाची भिंत.
रात्री आठला ती आकडा सांगते, मी उतरवून घेतो,
मगच माझ्या मीटरकडे बघतो.
काल दोनशे एकोणीस.

परवा पाड्यावर गेलो तर तिनं कांडी दिली,
पैसे घेतले नाहीत.
इतकी गोठलेली
की ओठाला चिकटून बसली,
आणि तिची पोरगी हसत सुटली.