नाळे बा

अप्पांना कानडीतले दोनच शब्द लिहिता येतात.
मी तिसरीत होते तेव्हा वडगावात हूल उठली,
रात्री कोणी बाई दार वाजवते,
घरच्याच माणसाच्या आवाजात हाक मारते,
ओ देईल तो सकाळी उठत नाही.
शेजारच्या ईरव्वानं विटेच्या तुकड्यानं फरशीवर लिहून दाखवलं,
अप्पांनी ते चित्रासारखं उतरवलं दारावर,
मालकाकडून आणलेल्या हिरव्या ऑइलपेंटनं:
नाळे बा. उद्या ये.
भूत वाचतं, परत जातं.
दुसऱ्या रात्री येतं, वाचतं, परत जातं.
भूत शिकलेलं होतं, एवढं नक्की.

मग एकतीस वर्षांच्या मागांनी अप्पांचे कान नेले.
एकदम नाही. आधी कुकरची शिट्टी गेली,
मग माझ्या नावातला स.
काही दिवस मी उमित्रा होते.
मग तेही नाही,
नुसती खांद्याला हात लावल्यावर वळून बघितलेली मुलगी.

सिव्हिलमध्ये काचेच्या खोलीत बसवलं,
हातात बटण. आवाज आला की दाबा.
काचेपलीकडली पोरगी सारखी घड्याळ बघत होती.
अप्पांना वाटलं, तिचा खोळंबा कशाला,
दाबत गेले.
कागदावर आले अडतीस टक्के.
चाळीस लागतात.
दोन टक्के भिडस्तपणात गेले.

आठ महिन्यांनी परत तपासणी.
या वेळी बसमधनंच बजावून नेलं मी, हातवारे करून:
कळलं नाही तर दाबू नका, बरं वाटावं म्हणून दाबू नका.
एकसष्ट आले.
एवढा आनंद मला माझ्या निकालालाही झाला नव्हता,
आणि लगेच लाज वाटली.

खरं आता नाव.
आधारवर भरमू चौगुले,
रेशनकार्डावर भरमप्पा चौगला,
बँकेच्या पुस्तकात कानडीत काहीतरी तिसरंच,
जे मी वाचून दाखवलं तर अप्पा म्हणाले, हा कोण?
तिघांचं एकच माणूस असल्याचं अफिडेविट,
त्याला नोटरी, नोटरीला तिकीट,
तिकिटाला सुट्टे नाहीत.
हिरेमठ मॅडम वाईट नाहीत. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं,
स्वतःच्या डब्यातला शेंगदाण्याचा लाडू दिला,
फाईल मात्र वर गेली होती,
आणि वर म्हणजे कुठं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

परवा नावं पुकारणार होते.
मी झेरॉक्सला गेले, चार मिनिटं.
अप्पा पहिल्या बाकावर, पंख्याखाली,
ताठ, मांडीवर पिशवी.
त्यांचं नाव तीनदा पुकारलं म्हणे.
रजिस्टरात लिहिलं, गैरहजर.

मी भांडले. दोन्ही भाषांत भांडले.
बहिऱ्या माणसाला हाक मारता, म्हटलं,
तीही बहिरेपणाच्या पेन्शनसाठी!
पाठीमागच्या रांगेतलं कोणीतरी हसलं.
खिडकीतला माणूस हसला नाही. मान खाली घालून
त्यानं दोन शब्द उच्चारले,
आणि अप्पांना ते दिसले:
जीभ वर दुमडून ळे,
ओठ मिटून उघडून बा.
चेहरा उजळला त्यांचा. चार वर्षांत पहिल्यांदा
त्या हापिसातलं काहीतरी त्यांना समजलं होतं.

यळ्ळूर रोडला उतरेपर्यंत गप्प होते.
मग साऱ्या बसला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले,
आम्ही शिकलेली भुतं काय गं?
मी हो म्हटलं. ते बघत नव्हते.

रात्री जाग आली ती खरवडण्यानं.
दिवा लावून, पॉलिशपेपर घेऊन
अप्पा दारापाशी बसलेले.
मी हातानंच विचारलं, काय चाललंय?
पोस्टमन नवा हाय, म्हणाले.
ऑर्डर घेऊन ईल, दार वाचंल,
आणि जाईल की परत.

पहाटेपर्यंत नाळे निघालं.
बा निघेना, रंग लाकडात मुरलेला.
असू दे, म्हणाले,
आणि हात झटकून
चहाचं आधण ठेवायला गेले.