चार अंश

काहिलीपाशी सिदूमामा उकिडवा बसलेला.
थंड पाण्याच्या पितळीत रसाचा थेंब सोडतो,
बोटांनी चाचपतो. "अजून न्हाई."

मी वडणग्यात, सुट्टीवर. फोनवर नव्या विहिरीचा तक्ता:
समुद्राच्या तळाशी चार अंश, विहिरीच्या बुडाशी दीडशे.
पाण्याचं मड स्वस्त, पण त्या गारठ्यात
वायू बर्फासारखा गोठून नळ्या तुंबवेल.
तेलाचं घट्ट झालं तर खडकच फोडेल.
हलकं करावं, तर खालचा वायू उसळेल.

"तुमच्या चिखलात भेंडी घालता का रं?"
"बॅराइट, मामा. वजनाला."
"आन् मळी कोण काढतं?"

थेंबाची गोळी झाली, पितळीवर टण्ण वाजली.
"उतरवा!"

तक्त्यात मी 'सिंथेटिक तेल' लिहिलं.
पाठवायच्या आधी
मामाची पितळी ओढून घेतली,
बोट बुडवलं.
पाणी अजून गारच होतं.